घरच्या अ‍ॅक्वापोनिक्सचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि झाडं वाढवणं. त्याबद्दलचे हे सगळे प्रश्न लोकांनी इतक्या वेळा पाठवलेत की काहींची उत्तरं मी आता झोपेतही टाइप करू शकतो, म्हणून एकदाचे एका जागी लिहून काढले. सोपे वर आहेत आणि डोकं खाणारे खाली. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय. सगळी मापं १००० लिटर पाण्यासाठी आहेत, तुमची टाकी ३०० लिटरची असेल तर त्या हिशोबाने कमी करा. आणि टाकीचं पाणी मोजताना ग्रो बेड (झाडं लावलेला खडीचा वाफा) आणि पाइपातलंही धरा, ते हमखास राहून जातं.

१. मासे झाडांना खत देतात, झाडं पाणी साफ करतात, मग यात केमिस्ट्री मधेच कुठून आली?

मधली एक पार्टी सगळे विसरतात, ती म्हणजे बॅक्टेरिया. मासे अमोनिया सोडतात, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. बॅक्टेरियाचा एक गट त्या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने गरीब, आणि झाडांना तेच हवं असतं. हे काम करताना बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात आणि पाणी हळूहळू आंबट करत जातात, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तरी पाणी रोज बदलतच असतं. आरशासारखं नितळ दिसतंय म्हणून ठीकच असेल असं समजू नका, अमोनियाला रंग नसतो.

२. नक्की काय काय मोजू, किती वेळा, आणि आकडे किती यायला हवेत?

पीएच (जितका कमी तितकं पाणी आंबट), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, केएच (पाण्याची आम्ल शोषायची ताकद, प्र. ७) आणि तापमान. नवीन सिस्टम असेल तर पहिले दोन महिने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच एक दिवसाआड तरी बघाच, नंतर सगळं बसलं की आठवड्यातून एकदा पुरतं. चालू सिस्टममधे अमोनिया आणि नायट्राइट शून्याच्या आसपास, १ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅमच्या) वर तर नाहीच, नायट्रेट ५ ते १५० मधे कुठेही, पीएच ६.५ ते ७.२, केएच ३ ते ६ डिग्री. पण एक सांगतो, एकटा आकडा फारसं काही बोलत नाही. अमोनिया पीएचसोबत वाचायचा, पीएच केएचसोबत वाचायचा, आणि सगळं मिळून काल किती खाद्य टाकलं त्यासोबत. वहीत तारीख, आकडे आणि खाद्याचे ग्रॅम लिहा. मला आठ ओळींची वही पाठवणाऱ्याचा प्रॉब्लेम दोन मिनिटांत कळतो, नुसता पिवळ्या पानांचा फोटो पाठवणाऱ्याचा नाही.

३. सिस्टम "सायकल" झाली म्हणजे काय? किती दिवस लागतात?

वरच्या दोन्ही गटांची वस्ती खडीवर, पाइपात, फिल्टरमधे पुरेशी झाली की सायकल झाली म्हणतात. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर जास्त. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, आणि ते उतरलं की नायट्रेट दिसतं. गंमत म्हणजे बहुतेकांचा धीर दुसऱ्या टप्प्यात सुटतो, अमोनिया शून्य आला म्हणून आनंदाने मासे सोडतात आणि नायट्राइटमधे मारतात (प्र. १३ बघा). चालू सिस्टममधली मूठभर जुनी खडी किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो.

४. मासे न टाकता सायकल करता येते का?

येते, आणि मला तीच पद्धत आवडते कारण त्यात कुणी मरत नाही. १००० लिटरला साधारण १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की पाणी तपासायच्या किटवर अमोनिया ३ पीपीएमच्या आसपास दिसेल. शून्याकडे आला की परत तेवढंच टाका. ज्या दिवशी टाकलेला डोस २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य करून दाखवतो त्या दिवशी सिस्टम माशांसाठी तयार. घरगुती अमोनिया वापरणार असाल तर बाटली हलवून बघा, फेस टिकला तर त्यात साबण आहे, वापरू नका. आणि "लवकर व्हावं म्हणून" ८-१० पीपीएमपर्यंत नेऊ नका, जास्त अमोनियाने तेच बॅक्टेरिया दबतात.

५. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, एक रात्र भरून ठेवलं की उडतं ना?

साधं क्लोरीन असेल तर हो, उघड्या टाकीत २४ ते ४८ तासांत उडतं आणि एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला तर त्याहून लवकर. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडत नाही, दोन दोन दिवस ठेवलं तरी बसून राहतं. तेव्हा सोडियम थायोसल्फेट किंवा व्हिटॅमिन सी वापरावं लागतं. क्लोरामाइन तुटलं की त्यातला अमोनिया मोकळा होतो, त्यामुळे पाण्याची मोठी भर घातल्यावर किटवर थोडा अमोनिया दिसला तर तो कदाचित माशांचा नसून नळाचा असेल. कोणतं वापरतात ते पाणीपुरवठा करणाऱ्यांना विचारलं की कळतं, आणि स्वस्तातलं क्लोरीन किट घेतलं तर टोटल क्लोरीन मोजणारंच घ्या, नुसतं फ्री क्लोरीन मोजणारं क्लोरामाइन पकडत नाही.

६. माशांना ७.५ लागतो म्हणतात, झाडांना ६, मग पीएच ठेवू तरी किती?

बॅक्टेरियाला विचारलं तर ते ७.५ च्या वरच सांगतील. तिघांचं भांडण मिटवायला ६.८ ते ७ वर तडजोड करतात, आणि ती चांगली चालते. पण ६.६ आला म्हणून बाटल्या काढून बसू नका, ७.३ आला म्हणूनही नको. माशांना स्थिर ७.४ परवडतो, सोमवारी ६.५ आणि मंगळवारी ७.२ परवडत नाही. दिवसाला ०.२ ते ०.३ च्या वर बदल करायचा नाही एवढं पाळलंत तरी निम्मे अपघात टळतील.

७. केएच आणि जीएच यात नेहमी गोंधळ होतो. दोन्ही मोजायलाच हवेत का?

केएच म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, आम्ल शोषून घेणारी गादी समजा. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, झाडांचं अन्न. दोन्हीला मराठीत सरसकट "जड पाणी" म्हणतात म्हणून गोंधळ, पण दोन्ही वेगळे असू शकतात, समजा तुम्ही खायचा सोडा टाकला तर केएच वाढेल आणि जीएच जागचा हलणार नाही. एक डिग्री म्हणजे १७.९ पीपीएम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने. एकच किट घ्यायला पैसे असतील तर केएचचं घ्या. पीएच तुम्हाला आज काय आहे ते सांगतो, केएच पुढच्या आठवड्यात काय होणार ते सांगतो.

८. पीएच दर आठवड्याला खाली खाली येतो. माझं काय चुकतंय?

काही नाही, उलट बॅक्टेरिया काम करतायत. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी (म्हणजे केएचचीच गादी) खर्च होते. आता हिशोब बघा, ३२ टक्के प्रोटीनचं खाद्य रोज ५० ग्रॅम टाकलं तर त्यातून जवळपास दीड ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघतो, म्हणजे साडेदहा ग्रॅम अल्कलिनिटी रोज गेली, १००० लिटरमधे साधारण ०.६ डिग्री केएच. केएच ५ असेल तर आठवड्याभरात गादी संपली. खरं तर इतकं जोरात उतरत नाही, कारण झाडं नायट्रेट ओढताना थोडी अल्कलिनिटी परत देतात आणि तुम्ही घातलेल्या पाण्यातूनही थोडी येते, पण दिशा खालचीच. म्हणून ज्यांचं पाणी मुळात मऊ आहे, पावसाचं किंवा आरओचं, त्यांचा पीएच महिनाभर ७ वर शांत बसतो आणि मग दोन दिवसांत धाडकन ६ च्या खाली जातो. अचानक काही झालेलं नसतं, केएच शून्यावर आलेला असतो आणि कुणी बघितलेलं नसतं.

९. मग पीएच वर कशाने आणायचा? खायचा सोडा आहे घरात.

एखाद्या वेळी अडीनडीला सोडा चालतो, १००० लिटरला ३० ग्रॅम टाकला की केएच एक डिग्री वाढतो. पण त्यातलं सोडियम कुठे जात नाही, ते झाडं फारसं खात नाहीत, माशांना नको असतं, आणि दर आठवड्याला साठत साठत वर्षभरात झाडांची वाढ खुंटवतं. त्यापेक्षा असं काही वापरा ज्याचा उरलेला भाग झाडं खातील. पोटॅशियम बायकार्बोनेट ३६ ग्रॅमला एक डिग्री, आणि कॅल्शियमसाठी विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोन्ही आलटून पालटून. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांच्या टीमने मोठ्या सिस्टममधे हेच तत्त्व वर्षानुवर्षं चालवलं, ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाळीपाळीने टाकायचे, त्यामुळे पीएचही धरला जायचा आणि माशांच्या खाद्यात कमी पडणारं कॅल्शियम-पोटॅशियमही मिळायचं. घरी मी पोटॅशियम हायड्रॉक्साइड सुचवत नाही, ते हात भाजतं आणि डोळ्यात गेलं तर विषय संपला, बायकार्बोनेट तेच काम सभ्यपणे करतं. चुनाही तिखटच, हातमोजे घाला, बादलीभर पाण्यात कालवा, आणि माशांच्या टाकीत नाही तर फिल्टरकडे जाणाऱ्या प्रवाहात थोडा थोडा ओता, चिमटीने सुरुवात करा.

ज्यांना हे मोजमाप नको वाटतं त्यांनी जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा भरून प्रवाहात टांगावा. पीएच ७ च्या खाली गेला की तो आपोआप जरा वेगाने विरघळतो आणि वर गेला की जवळजवळ थांबतो. अंड्याची टरफलंही चालतात पण आतला पापुद्रा काढून, नाहीतर सडतात.

पीएच वाढवण्याआधी अमोनिया मोजा. का ते प्र. १२ मधे आहे, आणि ते वाचल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

१०. माझा उलटा प्रॉब्लेम आहे, पीएच ८ च्या खाली येतच नाही. आम्ल टाकलं की दोन दिवसांनी परत ८.

दोनच कारणं, पाणी तरी किंवा खडी तरी. खडीचे दोन-तीन खडे घेऊन त्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर ती चुनखडी आहे आणि जोपर्यंत ती बेडमधे आहे तोपर्यंत तुम्ही हरणार, सरळ बदला. खडी शांत राहिली तर पाण्याचा केएच बघा, बोअरच्या पाण्यात १२-१५ डिग्री सहज निघतो. तेवढी गादी असताना थोडं आम्ल टाकलं की पीएच तात्पुरता पडतो आणि हवा लागून कार्बन डायऑक्साइड उडाला की परत चढतो, माशांना मात्र फुकट झोके. आम्ल टाकायचंच तर भरीच्या पाण्यात वेगळ्या पिंपात टाका, एक दिवस एअर स्टोन लावून ठेवा, परत मोजा, आणि मगच ते सिस्टममधे घ्या. फॉस्फोरिक आम्ल वापरतात कारण फॉस्फरस झाडांच्या कामी येतो. लिंबाचं सत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल नको, ते जंतुनाशक आहे आणि आपले बॅक्टेरियाही जंतूच. सगळ्यात सोपं म्हणजे अर्धं पाणी पावसाचं किंवा आरओचं मिसळणं. आणि सिस्टम नवीन असेल तर थांबा, प्र. ८ मधे सांगितलं ते सुरू झालं की पीएच स्वतःहून खाली सरकतो. ७.६ वर आला आणि लोह नीट मिळतंय (प्र. १६) तर त्याच्याशी जुळवून घ्यायला हरकत नाही.

११. किटवर अमोनिया १ दिसतोय. घाबरू का?

पीएच सांगा, मग सांगतो. किट जो अमोनिया दाखवतं त्यात दोन रूपं असतात, मुक्त अमोनिया जो कल्ले जाळतो, आणि अमोनियम जो त्या मानाने निरुपद्रवी. किती कुठला ते पीएच आणि तापमानावर. २५ अंशाला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया फक्त अर्धा-पाऊण टक्का, पीएच ८ ला साधारण ५ टक्के, पीएच ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पाणी गरम असेल तर आणखी वर. मुक्त अमोनिया ०.०५ पीपीएमच्या आसपास गेला की माशांना इजा व्हायला लागते. म्हणजे किटवरचा तोच १, पीएच ७ ला ०.००६ होतो आणि पीएच ८ ला ०.०५४. पहिल्याला चहा पीत विचार करा काय बिघडलं, दुसऱ्याला आज खाद्य बंद, हवा वाढवा, आणि चौथा हिस्सा पाणी बदला. दोन्ही वेळा कारण शोधायचंच: जास्त खाद्य, कोपऱ्यात मेलेला मासा, बंद पडलेला पंप, धुऊन चकाचक केलेला फिल्टर. शेवटचं कारण फार कॉमन आहे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या.

१२. पीएच ५.८ झालाय, अमोनिया ४ च्या वर, पण मासे मजेत खातायत! पीएच लगेच ७ वर आणू ना?

नाही. हा प्रश्न आला की मी सगळं सोडून उत्तर देतो, कारण मी स्वतः यात मासे घालवलेत.

झालं असं की माझ्या दुसऱ्याच वर्षी पीएच ५.८ झाला आणि अमोनियाचा रंग किटच्या शेवटच्या टोकाला, ८. मासे अगदी ठणठणीत. मला वाटलं आधी पीएच सुधारू, बॅक्टेरिया जागे होतील, ते अमोनिया खातील. तर्क बरोबर होता, फक्त क्रम माझ्या जिवावर नाही, माशांच्या जिवावर उठला. चुना कालवून ओतला, केएच शून्य असल्याने तो कुठे अडलाच नाही, रात्री पीएच ८.२, आणि सकाळी चौदातले अकरा मासे उताणे. ५.८ ला त्या ८ पीपीएममधे विषारी भाग नगण्य होता, ८.२ ला तोच दोनशेपटींनी वाढला. म्हणजे आंबट पाणीच त्यांना वाचवत होतं आणि ते मी काढून घेतलं.

मग करायचं काय? खाद्य पूर्ण बंद, मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. पीएच ६.५ पर्यंत आणा पण दोन-तीन दिवस घेऊन, पोटॅशियम बायकार्बोनेटने, चुन्याने नाही. ६.५ ला ४ पीपीएममधलासुद्धा मुक्त अमोनिया ०.०१ च्या आतच राहतो, त्यामुळे तिथपर्यंत धोका नाही आणि बॅक्टेरिया मात्र परत कामाला लागतात. तिथे थांबा. अमोनिया १ च्या खाली आला की मगच ६.८ कडे सरका. पाणी बदलतानाही हाच सापळा आहे, तुमचं नवीन पाणी पीएच ८ आणि भरपूर केएचचं असेल तर अर्धी टाकी बदलणं म्हणजे चुना ओतण्यासारखंच, त्यामुळे एका वेळी दहा टक्के, आणि प्रत्येक वेळी नंतर पीएच बघा. या काळात झाडं काढू नका, ती अमोनियम थेटही उचलतात.

१३. नायट्राइट वाढलंय. मीठ टाका म्हणतात, पण मग झाडं?

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं, रक्त तपकिरी होतं, म्हणून पाण्यात हवा भरपूर असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. क्लोराइड त्याच दारातून आत जातं, त्यामुळे क्लोराइड जास्त असलं की नायट्राइटला आत शिरायला जागा मिळत नाही. मिठाचं काम एवढंच, ते नायट्राइट कमी करत नाही. आणि त्यासाठी किलोने मीठ लागत नाही. क्लोराइड नायट्राइटच्या दहापट असलं की पुरतं, म्हणजे किटवर ५ आलं तर ५० पीपीएम क्लोराइड, १००० लिटरला ८०-८५ ग्रॅम साधं, काही न मिसळलेलं मीठ. एवढ्याने झाडांना काही होत नाही. लोक १ ते ३ किलो सांगतात ते माशांच्या इतर दुखण्यांसाठीचं माप आहे, आणि तेवढ्यात स्ट्रॉबेरी, घेवड्यासारखी नाजूक झाडं बसतात. सोडियम अजिबातच नको असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरा. बाकी खाद्य कमी, हवा जास्त, आणि वाट बघणं.

१४. नायट्रेट कायम शून्य. सिस्टम चालत नाहीये का?

अमोनिया आणि नायट्राइट पण शून्य असेल आणि झाडं हिरवीगार वाढत असतील तर झाडं येईल तेवढं खातायत, म्हणजे मासे किंवा खाद्य थोडं वाढवायला वाव आहे. झाडं फिकी असतील तर तो वाव नाही, ती गरज आहे. अमोनिया वर आणि नायट्रेट शून्य असेल तर सायकलच झालेली नाही, प्र. ३. आणि तिसरी शक्यता, बेडच्या तळाशी गाळ साठून तिथे हवा पोचत नसेल तर तिथले वेगळे बॅक्टेरिया नायट्रेटचा वायू करून उडवतात. खडीत हात घालून बघा, कुजल्या अंड्याचा वास आला तर साफसफाईची वेळ झाली. पण हे सगळं करायच्या आधी किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवून परत टेस्ट करा, नायट्रेटच्या किटमधे तळाशी साका बसतो आणि न हलवता केलेली टेस्ट खोटा शून्य दाखवते. निम्म्या वेळा तेच निघतं.

१५. नायट्रेट २०० च्या वर गेलंय.

मासे लगेच मरणार नाहीत, पण झाडं कमी पडतायत. भराभर वाढणारी पालेभाजी लावा, खाद्य कमी करा, तोवर थोडं थोडं पाणी बदला. टोमॅटोसारख्या फळझाडांना नुसतं नायट्रेट जास्त मिळालं की पाला माजतो आणि फळ धरत नाही, तेही एक लक्षण.

१६. नायट्रेट भरपूर आहे तरी पानं पिवळी का?

कुठली पानं ते आधी बघा, सगळं उत्तर तिथे आहे. नवीन कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. जुन्या खालच्या पानांत शिरांमधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या, तर पोटॅशियम. नवीन पानांची टोकं जळतात किंवा टोमॅटोचं बूड काळं पडतं, तर कॅल्शियम, किंवा कॅल्शियम आहे पण वर पोचत नाही. सगळं झाडच फिकं आणि जुनी पानं आधी गळतायत, तर नायट्रोजन, म्हणजे प्र. १४.

लोह जवळजवळ प्रत्येकाला टाकावं लागतं, कारण माशांच्या खाद्यात झाडांना पुरेल इतकं नसतं. गंजके खिळे टाकून काही होत नाही, ते लोह या पीएचला विरघळतच नाही. चिलेटेड लोह (विरघळलेलंच राहील असं बांधलेलं) लागतं आणि त्यातही प्रकार आहेत: ईडीटीए साडेसहाच्या आसपास हात टेकतं, डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं, ईडीडीएचए त्याच्याही वर. आपल्यासाठी डीटीपीए बरं, ईडीडीएचएने पाणी लालसर होतं पण माशांना त्रास नाही, ज्यांचा पीएच ८ वर अडकलाय त्यांना तेच. माप २ पीपीएम, दर तीन आठवड्यांनी. पाकिटावर लोह ११ टक्के लिहिलं असेल तर १००० लिटरला १८ ग्रॅम. फवारणीसाठीची मिश्र खतं पाण्यात ओतू नका, त्यात बऱ्याचदा तांबं आणि अमोनिया असतं.

१७. टीडीएस मीटर घेतलंय, आता किटची गरज नाही ना?

आहे. मीटर सगळे क्षार मिळून सांगतो, कुठले ते नाही. ४०० मधे सगळं नायट्रेट-पोटॅशियम असू शकतं आणि सगळं सोडियमही. शिवाय मातीविना शेतीच्या पुस्तकातले आकडे इथे लावू नका, अ‍ॅक्वापोनिक्समधे २००-४०० वर झाडं मस्त चालतात कारण अन्न रोज येत राहतं. मीटरचा खरा उपयोग कल बघायला, तीन महिन्यांत ३०० चा ९०० झाला आणि नायट्रेट मात्र तेवढंच असेल तर नको ते काहीतरी साठतंय (प्र. २०).

१८. सकाळी पीएच ६.८ आणि दुपारी ७.६, मीटर बिघडलंय का?

बहुतेक शेवाळ. उजेडात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, रात्री सगळे श्वास सोडतात, पीएच उतरतो. केएच कमी असेल तर झोके मोठे. टाकीवर सावली करा, उघड्या पाण्यावर झाकण घाला. बॅक्टेरियालाही ऊन सोसत नाही. मोजायचं तर रोज एकाच वेळी मोजा. ताज्या बोअरच्या पाण्याचंही असंच होतं, उपसल्या उपसल्या पीएच ६.९ आणि दिवसभर हवा दिल्यावर ७.९, कारण आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. खरा पीएच दुसऱ्या दिवशीचा.

१९. माझ्या किटवर नायट्रेट ४४, मित्राच्या किटवर त्याच पाण्याचं १०. खरं कोणाचं?

दोघांचं. त्याचं किट नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजतं, तुमचं अख्खं नायट्रेट. नायट्रोजनच्या आकड्याला नायट्रेटसाठी ४.४ ने गुणा, नायट्राइटसाठी ३.३ ने, अमोनियासाठी १.२ ने. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघून वहीत नोंदवा. आणि बाटल्यांची एक्सपायरीही बघा.

२०. पाणी बदलावं लागतं की नुसती भर घालायची?

बहुतेक वेळा भर पुरते, पण वाफ होताना नुसतं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, मग परत क्षारांचं पाणी येतं, आणि झाडं जे खात नाहीत ते साठत जातं. जड पाणी वापरणाऱ्यांनी तीन-चार महिन्यांतून एकदा थोडं पाणी काढून कुंड्यांना घालावं. मऊ पाणीवाल्यांना ही कटकट नाही, त्यांना केएचची कटकट आहे (प्र. ८).

२१. माशांना औषध द्यायचंय, टाकीतच टाकू?

वेगळ्या टाकीत काढून द्या. अँटिबायोटिकने बॅक्टेरियाची वस्ती जाते आणि तुम्ही परत प्र. ३ वर, शिवाय भाजी खायची असते. तांब्याची औषधं तर नकोच, आणि त्याच कारणाने तांब्या-पितळेचे नळ आणि जस्त चढवलेली जीआयची टाकीही नको. पीएच सातच्या खाली असतो तेव्हा हे धातू हळूहळू सुटतात आणि केएच कमी असेल तर माशांना जास्तच बाधतात. प्लास्टिक वापरा.

२२. मासे आत्ता वर येऊन तोंड मारतायत, आधी काय मोजू?

आधी मोजू नका, आधी हवा. एअर पंप असेल तो पूर्ण सोडा, नसेल तर बादलीने पाणी उचलून वरून ओतत राहा. २० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला ७.६, आणि माशांना ५ च्या वर हवा असतो, म्हणजे उन्हाळ्याच्या पहाटे मार्जिन फार थोडं असतं, त्यात बॅक्टेरियाही वाटेकरी. दहा-पंधरा मिनिटांत मासे खाली गेले तर ऑक्सिजनच होता, पंपाची क्षमता वाढवा आणि बॅटरीवरचा जादा पंप ठेवा. नाही गेले तर नायट्राइट मोजा, मग अमोनिया आणि पीएच सोबत. नायट्राइट निघालं तर प्र. १३ चं मीठ, अमोनिया निघाला आणि पीएच ७ च्या वर असेल तर क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी चौथा हिस्सा बदला, पीएच ६ च्या आसपास असेल तर प्र. १२ परत वाचा आणि चुन्याचा डबा वर फळीवर ठेवून द्या.